नवाचा ताळा

संभाजी काळभोरांना दोन दिवस अन्न गोड लागत नव्हतं, आणि त्याला कारण होती एक सात अंकी संख्या. हे कुणाला सांगावं तर लोक तोंडावर हसतील, म्हणून त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. सून तनुजा विचारून थकली. पित्त झालंय का, बीपीची गोळी घेतली का, शेजारच्यांशी पुन्हा बांधावरून वाजलं का? 'काही नाही गं,' एवढंच म्हणून ते अंगणात येरझाऱ्या घालत. लोणी काळभोरच्या त्या अंगणात येरझाऱ्या घालण्याइतकी जागाही नव्हती. एका बाजूला दोन मोटरसायकली, दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी, मधे जेमतेम सहा पावलं. सहा पावलं गेले की वळायचे, वळले की पुन्हा तीच संख्या पुढ्यात उभी.

संभाजीराव एकाहत्तर वर्षांचे. त्यातली बत्तीस वर्षं त्यांनी पुण्यात, शाळेची पुस्तकं छापणाऱ्या एका छापखान्यात काढली. गणिताच्या पुस्तकात शेवटी जी उत्तरं असतात ती बरोबर आहेत की नाहीत हे पाहायचं काम. ते दोघांचं असे. कसब्यातले अनिरुद्ध सोवनी गणित सोडवायचे आणि काळभोर ताळा पाहून समासात लाल पेनाने बरोबरची खूण करायचे. खूण झाली की विषय संपला. खूण झालेलं पान पुन्हा उघडायचं नाही, हा त्या टेबलाचा कायदा. कितीतरी पोरांनी गृहपाठात ती उत्तरं आधी पाहून मग गणित त्यांच्याकडे वळवलं असेल, पण त्या पोरांना ही दोन नावं कधी कळली नाहीत. कळायचं काही कारणही नव्हतं.

तिथेच एकदा एका पुस्तकात प्रश्न आला होता. पाच वेळा एक लिहून होणारी संख्या, म्हणजे ११११११ नव्हे, ११११११ला सहा एक लागतात, तर ११११ला आणखी एकच एक जोडून होणारी ती संख्या मूळ आहे का? मूळ म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच पूर्ण भाग जात नाही अशी. (एक मोजताना माणूस असा चुकतो, म्हणून तर दोघं लागत.) उत्तर सोपं होतं, तिला ४१ ने भाग जातो. पण सोवनींना चटक लागली. डबा खाता खाता त्यांनी सात एकांची संख्या तोडली, ती २३९ ने तुटली. अकरा एकांची २१६४९ ने. तेरा एकांची तर ५३ नेच तुटली. सतरा एकांची काही केल्या तुटेना.

निवृत्त झाल्यावर, अकरा वर्षांपूर्वी, दोघांनी ती रीतसर हातात घेतली. सोवनींनी जुन्या पुस्तकांतून शोधून काढलं होतं की सतरा एकांच्या संख्येला एखाद्या मूळ संख्येने भाग जायचाच असेल, तर ती चौतिसाच्या पाढ्यातल्या आकड्यात एक मिळवून येणारीच असणार. बाकीच्यांच्या वाटेला जायचं कारण नाही. झालं, यादी करायची आणि एकेका संख्येने भागत सुटायचं. आठवड्यातून चार दिवस संभाजीराव लोणीहून बसने स्वारगेटला येत, तिथून कसब्यात. दिवसाला सहा भागाकार. भागणार सोवनी, ताळा काळभोरांचा. आणि मशीनला विचारायचं नाही. "आयुष्यभर आपण मागचं पान छापलं," सोवनी म्हणाले होते, "आता तरी न बघता सोडवू." तेहतीस वह्या भरल्या. त्या सगळ्या संभाजीरावांकडे लोखंडी ट्रंकेत असत, कारण तपासणाऱ्याने कागद सांभाळायचा अशीच छापखान्यातली पद्धत होती.

बिघडलं ते काचबिंदूपायी. सोवनींची नजर कडेकडेने विझत चालली होती. गेलेली परत येत नाही, राहिलेली सांभाळा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सोवनी भिंग धरून एकेक अंक कोरायचे, डोळ्यांतून पाणी गळायचं, तरी दिवसाच्या सहा भागाकारांचे पाच होऊ देत नसत. संभाजीरावांना ते बघवेना. मंगळवारी सकाळी चहाच्या वेळी त्यांनी तनुजाला विचारलं, "फोनमध्ये असलं गणित सुटतं का गं?" त्यांचा हिशेब असा होता की भाजक थोडाच पुढे असेल तर सोवनींना धीर द्यावा, फारच लांब असेल तर काहीतरी निमित्त काढून हे थांबवावं. कायदा मोडत होते, पण मित्रासाठी मोडत होते.

तनुजाने सतरा एक मोजून टाकले. चहाचा घोट गिळायच्या आत ती म्हणाली, "फॅक्टर्स आहेत आप्पा, दोनच. हे बघा. आणि खाली एकोणीस वन्सवाली पण दिलीय, ती प्राइम आहे म्हणे. म्हणजे ती तुटतच नाही."

एकोणीसकडे संभाजीरावांचं लक्ष नव्हतं. पडद्यावर दोहोंतला लहान भाजक होता २०७१७२३. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. आणि ते दोघे तर एकोणतीस लाखांवर येऊन पोचले होते.

भाजक पुढे नव्हताच. तो मागे राहिला होता, तीन वर्षं मागे.

चोविसाव्या वहीत ते पान सापडलं. २०७१७२३ ने मांडलेला भागाकार पानाच्या तळाशी सुरू होऊन पुढच्या पानावर गेला होता. तळाशी उरलेली बाकी सोवनींच्या टपोऱ्या अक्षरात ४६०६६२. पान उलटल्यावर वरती तीच बाकी पुन्हा उतरवलेली, ४६६०६२. शून्याने आणि सहाने जागा बदलल्या होत्या. तिथून पुढे प्रत्येक पायरी बिनचूक, आणि प्रत्येक पायरी वाया. जिथे शेवटी शून्य उरायला हवं होतं तिथे १०८९८६२ उरले होते. समासात लाल पेनाने दोन खुणा: नऊ, बरोबर. अकरा, बरोबर. दोन्ही संभाजीरावांच्या हातच्या.

ताळ्याची रीत अशी. नवाच्या ताळ्यात संख्येतले सगळे अंक मिळवत जायचे, एकच अंक उरेपर्यंत, आणि दोन्ही बाजू जुळतात का पाहायचं. झटपट काम. पण दोन अंकांनी जागा बदलल्या तर बेरीज तीच राहते, नवाला काही पत्ता लागत नाही. म्हणून अकराचा ताळा. त्यात अंक एकाआड एक मिळवायचे आणि वजा करायचे, मग शेजारचे अंक उलटले की लगेच उघडं पडतं. किचकट असतो, वेळ खातो. छापखान्यात दोन्ही केल्याशिवाय पान पुढे सरकत नसे.

संभाजीरावांनी उभ्या उभ्याच अकराचा ताळा केला. यायला हवा होता एक. आलं शून्य.

मग समासात अकराची खूण कशी? ते त्यांना ठाऊक होतं, म्हणून तर जेवण जात नव्हतं. पहिली काही वर्षं त्यांनी दोन्ही ताळे इमानाने केले. अकराने कधी काही सापडलं नाही. सोवनी चुकतच नसत. साडेपाचची बस गाठायची असे, नाहीतर हडपसरपर्यंत लोंबकळत जायचं. एका संध्याकाळी अकराचा ताळा राहिला, उद्या करू म्हणून खूण तेवढी करून ठेवली. तो उद्या काही उजाडला नाही. पुढे पुढे हात आपोआप दोन खुणा करू लागला आणि डोकं एकच ताळा करू लागलं. यात लबाडी आहे हे त्यांच्या मनातही येत नसे, इतकी ती अंगवळणी पडली होती.

तीन वर्षं. तीन हजार सहाशे भागाकार. ते सगळे त्या विझत चाललेल्या डोळ्यांनी केलेले. सांगावं तर कुठल्या तोंडाने, आणि न सांगावं तर समोर बसून त्या माणसाला एकतीस लाखांपर्यंत कसं जाऊ द्यावं?

सर्दीचं निमित्त करून ते दोन दिवस गेलेच नाहीत. गुरुवारी चोविसावी वही पिशवीत घालून निघाले. हडपसरला उतरून परत फिरावं असं वाटलं, पण उठेपर्यंत बस सुटली. स्वारगेटला मेट्रोत बसले ते विचारात कसबा पेठ मागे टाकून सिव्हिल कोर्टपर्यंत गेले आणि उलटे आले. जिन्यावर चढताना पिशवी या हातातून त्या हातात, त्या हातातून या हातात.

"दोन दिवसांत गेली सर्दी?" सोवनींनी दार उघडून विचारलं. "तिलाही तुमचा कंटाळा आलेला दिसतो."

सोवनी एकटेच राहत. टेबल खिडकीशी, उजेडात. खाली तांबट आळीतल्या हातोड्यांची ठकठक चालू होती. वही उघडी होती, भिंग वहीवर. "एकोणतीस लाख अठरा हजारांवर आलोय," ते म्हणाले. "तुम्ही नव्हतात, म्हणून ताळे तुंबलेत. बसा."

संभाजीराव बसले नाहीत. "सोवनी, ती वही मिटा. सापडलाय."

"काय सापडलंय?"

"भाजक. आपल्या मागंच हाय तो." घाबरले की त्यांच्या तोंडी लोणीची भाषा यायची. "वीस लाख एकाहत्तर हजारावर हाय."

सोवनींनी भिंग खाली ठेवलं. "कुणी सांगितलं?"

"फोननं."

"म्हणजे मागचं पान पाहिलंत."

"पाहिलं."

संभाजीरावांनी चोविसावी वही उघडून पुढे सरकवली. सोवनी भिंग घेऊन वाकले. तळाची बाकी वाचली, पान उलटलं, पुन्हा मागे आले, पुन्हा उलटलं. चूक त्यांना सापडली ते संभाजीरावांना कळलं, कारण बोट शून्यावर थांबलं.

"माझी चूक," सोवनी म्हणाले. मग बोट समासाकडे गेलं. "अकराने काय येतं?"

"शून्य. यायला पाहिजे एक."

"आणि इथे तर खूण आहे."

"खोटी हाय," संभाजीराव म्हणाले. "केलाच नव्हता. नुसती खूण केली. किती वर्षं करतोय मलाच माहीत नाही. बस गाठायची असायची, आणि तुम्ही चुकत नाही असं..."

सोवनी ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात बोलले. "मी चुकणारच, काळभोर. चुकणं माझं काम. ते पकडणं तुमचं. एवढ्यासाठीच छापखाना दोन पगार देत होता. डॉक्टर म्हणत होते डोळ्यांना ताण देऊ नका, त्यांना मी म्हणायचो, काम आहे हो. काम!" त्यांनी वही मिटून परत सरकवली. "जा आता. साडेपाचची बस चुकेल तुमची."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा वाजले होते.

शुक्रवार, शनिवार, रविवार कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. संभाजीरावांनी ट्रंक ओढून ओसरीवर घेतली आणि जुन्या वह्यांतले अकराचे राहिलेले ताळे करायला बसले. कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याचा आता काडीचा उपयोग नव्हता. मिळवा, वजा करा, मिळवा, वजा करा. मधेच उठत, फोन हातात घेत, सोवनींचं नाव काढत, ठेवून देत. तनुजा ताट घेऊन यायची आणि तसंच परत न्यायची. तीन दिवसांत सव्वापाचशे भागाकार तपासून झाले. एकाही ठिकाणी चूक सापडली नाही. याने बरं वाटायचं ते राहिलं बाजूला, उलट जास्तच सलायला लागलं. सव्वापाचशेत एकही नाही, आणि जी एक होती ती नेमकी तिथे.

सोमवारी सकाळी साडेनवाला फोन वाजला.

"काळभोर, बस बंद आहेत का आज?"

"नाही."

"मग?" एवढं बोलून सोवनींनी फोन ठेवला.

संभाजीरावांनी घाईत चपला घातल्या, आणि उजवी-डावी उलटी झालीय हे बसमध्ये लक्षात आलं. या वेळी कसबा पेठेलाच उतरले. सोवनींचं दार उघडंच होतं. टेबल तेच, पण सोवनी नेहमीच्या खुर्चीत नव्हते. ते काळभोरांच्या खुर्चीत बसले होते आणि त्यांच्या हातात लाल पेन होतं. टेबलावर कोरी वही.

"मी भागून पाहिलं," सोवनी म्हणाले. "चार दिवस लागले एका भागाकाराला. बाकी शून्य. नवाने जमतो, अकराने जमतो. सतरा एकांची तुटली."

"तुमच्याच हातून तुटली," संभाजीराव म्हणाले.

"उगाच लोणी लावू नका. रागावलोय मी अजून, आणि राहणार आहे. बसा त्या खुर्चीत."

"तुमच्या?"

"आता तुमच्या. मला शाई दिसत नाही, पण ऐकू येतं. तुम्ही भागायचं, मोठ्याने अंक सांगायचे. ताळा मी तोंडी करणार. नवाने आणि अकराने. खूणही मीच करणार."

"पण कशाचा ताळा? संपलं की आता."

"सतरा संपले. पुढे एकोणीस आहेत ना."

तनुजाचा आवाज कानात जसाच्या तसा वाजला: ती तुटतच नाही. त्यांनी ठरवून टाकलं की आता काही लपवायचं नाही, एकदा लपवलं तेवढं पुरे. "सोवनी, एक सांगायचं होतं. त्या फोनवर..."

"एकोणीसचंही आलं असेल."

"आलंय."

"मला सांगायचं नाही." सोवनींनी पेनाने टेबलावर टकटक केली. "मागचं पान दोघांपैकी एकाने पाहिलं, तेवढं बास झालं. ते तुमचं तुम्ही सांभाळा. ही शिक्षा समजा हवी तर. लिहा, एकोणीस एक. मोजून लिहा."

संभाजीरावांनी मोजून लिहिले. एकोणीस एकांसाठी अडतिसाचा पाढा आणि त्यात एक. पहिली मूळ संख्या येते एकशे एक्क्याण्णव. बत्तीस वर्षांत त्यांनी दुसऱ्याचे भागाकार तपासले होते, स्वतः असा लांबलचक केला नव्हता. पाच, आठ, एक, सात, तीन, तीन, ते अंक सांगत गेले. सोवनी डोळे मिटून, ओठ हलवत, बोटांची पेरं मोजत ऐकत होते. खाली हातोडे चालू होते.

"बाकी चौऱ्याऐंशी," संभाजीराव म्हणाले.

"नवाने पाहिजे एक," सोवनी म्हणाले. "आठ दुणे सोळा, त्याचे सात, सात नि तीन दहा. एक. जमला." मग त्यांनी पेरं पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली. "अकराने पाहिजे एक. चार चोक सोळा, त्याचे पाच, नि सात, बारा. एक. जमला." त्यांनी चाचपडत समास शोधला आणि दोन खुणा केल्या. दुसरी निम्मी टेबलावर गेली.

"पहिल्याच फटक्यात तुटली असती तर अपमान झाला असता," ते म्हणाले. चेहरा खिडकीकडे होता, तीन वर्षांत पाहिला नव्हता इतका निवांत. "सतराला अकरा वर्षं लागली, पण आता चुकणारा आणि पकडणारा, दोघेही शहाणे झालेत. काळभोर, मला वाटतं ही आपल्याच हातून तुटणार."

संभाजीरावांचे डोळे भरून आले. भरले ते कुणाला दिसणार नव्हते, तरी त्यांनी मान वहीत घातली. आता कितीही अचूक भागलं, कितीही खरा ताळा केला, तरी या वहीत कधीही शून्य उरणार नव्हतं. हे या खोलीत एकट्या त्यांनाच माहीत होतं, आणि रोज सहा वेळा ते माहीतच राहणार होतं.

"दोनशे एकोणतीस," ते म्हणाले आणि भागायला लागले.